हैदराबादच्या फुटबॉलचा सुवर्णहंगाम : १९५०

शहराचा इतिहास दफ्तरांत, शिलालेखांत आणि ग्रंथांत जपला जातो. मैदानावर घडलेला इतिहास मात्र ज्यांनी तो पाहिला त्यांच्याबरोबरच निघून जातो. चारमिनार आणि गोवळकोंडा यांविषयी लिहिताना लेखणी कधी थकली नाही. पण याच शहरातील एका शाळामास्तराने पोलीसखात्यातील शिपाई-जमादारांना हाताशी धरून हिंदुस्थानच्या फुटबॉलला नवे वळण दिले, ही गोष्ट हैदराबादच्या मराठी वाचकालाही क्वचितच ठाऊक असते. ते मास्तर म्हणजे सय्यद अब्दुल रहीम.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते महाविद्यालयीन फुटबॉल संघातून खेळले आणि पदवीनंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. काचीगुडा येथील माध्यमिक शाळा, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल या शाळांमधून त्यांनी अध्यापन केले. काचीगुडा आणि चादरघाट म्हणजे मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्तीच्या शेजारचाच भाग. 'रहीमसाहेब' या नावाने पुढे सारा देश ज्यांना ओळखू लागला, ते या परिसराला प्रथम माहीत होते ते मास्तर म्हणूनच.

हैदराबाद सिटी पोलीस हा संघ त्यांच्या आधीपासून नावारूपास आलेला होता. १९४३ मध्ये बंगळूरच्या ॲश गोल्ड कप स्पर्धेत त्याने इंग्रजांच्या हवाई दलाच्या संघाला हरविले होते. त्या काळी खेळावर पोट भरत नसे. म्हणून पोलीसखात्याची नोकरी हाच गरीब घरातील गुणी खेळाडूचा आधार होता. १९५० मध्ये या संघाचे प्रशिक्षण रहीम यांच्याकडे आले.

तो काळ ध्यानात घ्यावयास हवा. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपुष्टात आली होती. त्या घटनेला फार काळ लोटला नव्हता. शहराची मने दुभंगलेली होती, आणि शंका व भय यांचे सावट अजून ओसरले नव्हते. अशा वेळी हैदराबादचे नाव लावून एक संघ बाहेरगावी निघाला. नूर महंमद, मोइनुद्दीन, लायक, सुसाय, पॅट्रिक अशी त्या दशकातील या संघाची नावे नुसती वाचली, तरी हे शहर किती धर्मांचे आणि किती भाषांचे होते ते कळून येते.

मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक ही १८९१ पासूनची स्पर्धा. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम संघाने तो चषक जिंकीपर्यंत एकाही हिंदी संघाच्या हाती तो लागलेला नव्हता. १९५० मध्ये सिटी पोलिसांनी तो जिंकला. त्याच हंगामात, युद्धामुळे व फाळणीमुळे खंडित झालेली ड्युरँड स्पर्धा दिल्लीत पुन्हा सुरू झाली. तिच्या अंतिम फेरीत कलकत्त्याच्या बलाढ्य मोहन बागानला नमवून सिटी पोलिसांनी तोही मान मिळविला. पहिल्याच हंगामात दोन मोठे चषक! त्यानंतर १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबादकडेच राहिला.

या यशामागे मास्तरांची शिस्त होती. ज्या पायाने खेळणे कठीण जाते, केवळ त्याच पायाने खेळण्याच्या स्पर्धा ते भरवीत. चेंडू पायाशी न घोळवता खेळावयाचे, अशाही स्पर्धा ते घेत. एकट्याची करामत दाखविण्यापेक्षा चेंडू वेळेवर सोबत्याकडे देणे श्रेष्ठ, हा धडा त्यांनी वर्गातल्याप्रमाणेच मैदानावर गिरवून घेतला. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळशीदास बलराम या गरीब मुलाला सरावासाठी येणे परवडत नव्हते. तेव्हा सायकलीच्या भाड्याचे पैसे रहीम यांनी दिले, असे बलराम पुढे सांगत. हा मुलगा पुढे ऑलिंपिकमध्ये खेळला.

रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तर १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला हरवून पुन्हा सुवर्णपदक जिंकले. जकार्ताच्या वेळी कर्करोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले.

या कथेत एक विलक्षण योग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला जोडले गेले, तेलंगण आंध्र प्रदेशात आले. इथल्या मराठी माणसाच्या घराची वाटणीच जणू त्या दिवशी झाली. नकाशावर हैदराबाद राज्य उरले नव्हते. तरीही 'हैदराबाद' या नावाने खेळणाऱ्या संघाने १९५७-५८ ची संतोष चषक स्पर्धा याच शहरात जिंकली, आणि अंतिम सामन्यातील प्रतिस्पर्धी होता मुंबई! मराठी प्रेक्षकाने त्या दिवशी मनातून कोणाचा जयजयकार करावा, हा प्रश्न सोपा नव्हता.

पुढे हा संघ आंध्र पोलीस या नावाने खेळू लागला. त्याने १९६१ चा ड्युरँड चषकही जिंकला. १९६५-६६ मध्ये आंध्र प्रदेशाने संतोष चषक मिळविला, आणि मग ओहोटी लागली. मास्तर गेले होते. गुणी खेळाडूंना कलकत्त्याचे संघ ओढून नेत, आणि क्रिकेटच्या लाटेत मुलांच्या हातातील चेंडूच बदलला.

अनेक दशकांनंतर, २०२४ मध्ये, रहीम यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट निघाला आणि त्यांचे नाव पुन्हा लोकांच्या ओठी आले. पण पडद्यावरील यश जकार्ताचे होते, देशाचे होते. त्याची मुळे १९५० च्या त्या हंगामात आहेत. दुभंगलेल्या शहराला एका शाळामास्तराने आपले म्हणता येईल असे काही दिले. चषक दुसऱ्या शहरांकडे गेले, राज्याचे नाव पुसले गेले, तरी ते देणे कोणत्याही सीमारेषेने विभागले गेले नाही.