गाडी तीच, इंजिन नवे: घोड्याच्या डागापासून आरसी बुकापर्यंत

१/ गाडीचे इंजिन बदलले, तर गाडी तीच राहते का? प्रश्न गॅरेजमधला वाटतो; पण वेगळ्या रूपात तो राज्यकर्त्यांना सातशे वर्षे छळत आला आहे. नाशिक जिल्ह्यातील जीपगाड्यांच्या निमित्ताने त्याचा हा मागोवा. #इतिहास #थ्रेड

२/ प्रारंभ घोड्यांपासून करू. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेला अलाउद्दीन खलजी त्याच वर्षी दिल्लीचा सुलतान झाला. पुढे त्याने घोड्यावर ‘दाग’ आणि स्वाराचा ‘हुलिया’ सक्तीचा केला. हजेरीला उमदा घोडा दाखवून मोहिमेवर मरतुकडे तट्टू नेण्याची लबाडी त्याला मोडायची होती. अकबरानेही हीच पद्धत नव्याने अमलात आणली.

३/ हेतू स्पष्ट होता. कागदावरचे वर्णन आणि समोर उभे असलेले जनावर यांचा मेळ बसलाच पाहिजे. आरटीओमध्ये चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने उमटवला जाणारा ठसा पाहा. जागा बदलली, जनावराचे यंत्र झाले. कारकुनाची शंका मात्र तीच आहे.

४/ हिंदुस्थानात मोटारींसाठी देशव्यापी कायदा १९१४ मध्ये झाला. त्याची जागा १९३९ च्या अधिक सविस्तर कायद्याने घेतली. वाहनाच्या ओळखीचे दोन आधार रूढ झाले: चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक. पहिला सांगाड्याचा, जन्मभराचा. दुसरा हृदयाचा, आणि हृदय बदलता येते. सारा गुंता येथेच आहे.

५/ आता जीपकडे वळू. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे वर्षानुवर्षे या जीपमध्ये २.२ लिटरचे ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन होते. ते दणकट खरे, पण पेट्रोल पिणारे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि स्वस्त डिझेलकडे साऱ्यांचे डोळे लागले.

६/ नवी डिझेल गाडी घेण्याची ऐपत सर्वांची नव्हती. जुन्या जीपमध्ये किंवा ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसवून घेणे हा मधला मार्ग ठरला. ट्रॅक्टरचे, मेटॅडोरचे, जे हाती लागेल ते इंजिन. माउंटिंग नव्याने वेल्ड करायचे, रेडिएटर सरकवायचा, गिअरबॉक्स जुळवायचा. या कारागिरीची शाळा नव्हती. मिस्त्रीचा हात हीच शाळा.

७/ कंपनीनेही वारे ओळखले. १९७९ मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी महिंद्राच्या इंजिननिर्मितीचे केंद्र बनली. ज्या कसारा घाटात गाड्यांची धाप लागते, त्याच्या माथ्यावर इंजिने घडू लागली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

८/ इंजिन बदलले की कागदावर काय काय बदलते? इंजिन क्रमांक, इंधन, घनक्षमता, कधी रिकाम्या गाडीचे वजनही. कर याच तपशिलांशी बांधलेला. राज्याचा मोटार वाहन कर कायदा १९५८ चा. आज महाराष्ट्रात डिझेल मोटारीला पेट्रोलपेक्षा चढा दर आहे. म्हणजे नोंद न करणे ही केवळ विसर राहत नाही, तो महसुलाचा प्रश्न होतो.

९/ १ जुलै १९८९ पासून १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू झाला. त्याच्या मूळ कलम ५२ चा सूर समंजस होता. बदलाची सूचना द्या, मंजुरी घ्या. सात दिवसांत उत्तर आले नाही, तर मंजुरी मिळाली असे समजा! दहा किंवा अधिक परिवहन वाहने बाळगणाऱ्यांना त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन मंजुरीविना बसवण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकत होते.

१०/ २००० च्या दुरुस्तीने सूर पालटला. उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्यासच मनाई आली. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या मान्य किटसाठी वाट ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाच्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

११/ मग आज इंजिन निकामी झाले तर? त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन, त्याचे पक्के बिल, आरटीओची मंजुरी, मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची संमती. बदलाची खबर आरसीसह देण्यासाठी कायद्याने चौदा दिवस दिले आहेत. विमा कंपनीलाही कळवावे, कारण विम्याच्या कागदावरही इंजिन क्रमांक असतो.

१२/ हे सारे जाचक वाटते. पण चोरीच्या गाडीचे इंजिन बिलाविना विकत घेणारा सामान्य माणूसच शेवटी अडकतो. अपघातानंतर दाव्याच्या वेळी क्रमांक जुळला नाही, तर तोच हेलपाटे घालतो. दुसऱ्या बाजूला हेही खरे, की ज्या जुगाडाने एका पिढीची जीप रस्त्यावर ठेवली, ती कारागिरी आज कायद्याबाहेर गेली आहे. सुरक्षितता मिळाली, दुरुस्तीचे स्वातंत्र्य आकसले. दोन्ही नोंदी इतिहासात राहाव्यात.

१३/ आज एमएच-१५ ची नोंद संगणकात असते आणि आरसीचे ‘बुक’ उरलेले नाही. जिभेवर मात्र तोच शब्द आहे. घरच्या कपाटात आजोबांच्या गाडीचे जुने आरसी बुक असेल, तर उघडून पाहा. इंजिन क्रमांकावर काट मारून शाईने दुसरा लिहिला असेल आणि शेजारी शिक्का असेल, तर समजा: एका जीपचा दुसरा जन्म तुम्ही वाचत आहात.

(समाप्त)