शालेय दादागिरी : पालघर व बोईसर-तारापूर

शाळेतील एका किंवा अनेक मुलांनी आपल्याहून दुबळ्या मुलाला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा दिलेला त्रास. मारणे, दप्तर लपवणे, नावे पाडणे, खेळात न घेणे, मोबाइलवरून बदनामी करणे हे तिचे प्रकार. हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत या तिच्या तीन खुणा मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी सांगितल्या. दोन तुल्यबळ पोरांचे भांडण म्हणूनच यात मोडत नाही. ‘रॅगिंग’ हा शब्द मराठीत कॉलेजच्या वाट्याला गेला आणि शाळेसाठी ‘चिडवाचिडवी’, ‘मस्करी’ असे सौम्य शब्द उरले. त्यामुळे मुलाची तक्रारही सौम्य धरली जाते.

नॉर्वेत तीन मुलांच्या आत्महत्यांनंतर १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम निघाली, तिथून प्रतिबंधाच्या अभ्यासाला वेग आला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या ‘किवा’ उपक्रमाने भर दिला तो बघ्यांवर : हसणारी मुले हसायची थांबली की त्रास देणाऱ्याचा जोर ओसरतो. महाराष्ट्रात लोणी येथील प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या ५०० मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००७ मध्ये ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यात ३१.४ टक्के मुलांनी त्रास होत असल्याचे सांगितले. चिडवणे आणि नावे ठेवणे हे सर्वांत जास्त. शाळेची धास्ती, उलट्या, झोपमोड ही लक्षणे अशा मुलांत अधिक दिसली. सर्वांत बोलका आकडा पालकांचा आहे : चारांपैकी जेमतेम एकाला आपल्या मुलाचे हाल ठाऊक होते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात मुलाचे वेगळेपण तोंड उघडताच कळते. वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी घरांतील मुले घरची बोली घेऊन वर्गात येतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना परकी असते. बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची हिंदी-भोजपुरी बोलणारी मुले शेजारी बसतात. उच्चार, कपडे, डब्यातली भाजी, बापाचा धंदा : चिडवायला निमित्त पुरते. म्हणून इथला पहिला प्रतिबंध भाषेचा आहे. शिक्षकाने मुलाचा बोलीतला शब्द फळ्यावर लिहिला, तर त्या शब्दाला हसणे अवघड होते.

शाळेने मुलाच्या जगात जाण्याची ही दृष्टी याच भागाने फार पूर्वी पाहिली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारायच्या कुरणात नेली गेली. दादागिरी हा त्यांचा विषय नव्हता, पण शाळेची भीती घालवणे हा होता.

नियम मात्र शाळेगणिक बदलतात. तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीतील शाळा सीबीएसईच्या, आणि त्या मंडळाने २०१५ मध्ये दादागिरी रोखण्यासाठी समित्या नेमण्याच्या सूचना दिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांना राज्याचे निर्णय लागू : तक्रारपेटी, आणि २०२२ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करते. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा वसतिगृहांनाही लागू आहे.

सर्वांत नाजूक जागा आदिवासी मुलांच्या निवासी आश्रमशाळांची. डहाणू आणि जव्हार येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांकडे त्यांचा कारभार असतो. गावातल्या शाळेत संध्याकाळी घंटा झाली की मूल सुटते. इथे त्रास देणारा मोठा मुलगा रात्री त्याच खोलीत झोपतो, आणि आई दिसते ती सुट्टीत. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायला लिहिता यावे लागते, पहिलीच्या मुलाला ते येत नाही. अशा ठिकाणी दिवे मालवण्यापूर्वी खोल्यांतून फिरणारे, मुलांची बोली समजणारे अधीक्षक किंवा अधीक्षिका हेच खरे संरक्षण. १०९८ हा मोफत बालमदत क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो. तो लावायला फोन कुणाकडे मागायचा, हेही मुलांना सांगावे लागते.