वजन उतरविण्याच्या वाटा

श्रोतेहो, ज्या काळी पोटभर अन्न मिळणे हेच भाग्य समजले जाई, त्या काळी अंगाचे वजन ही मिरविण्याची वस्तू होती. इंग्रज वकील सर टॉमस रो याने १६१७ साली मांडूच्या मुक्कामी जहांगीर बादशहाची तुला पाहिली. १६६५ साली शिवछत्रपतींनी महाबळेश्वरी मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केली. पारडे जितके जड, तितके दान मोठे. ‘वजनदार माणूस’ हा शब्द आपण अजूनही आदरानेच उच्चारतो. आणि आज पहाटे आमच्या छत्रपती संभाजीनगरात गोगाबाबाच्या टेकडीकडे अथवा विद्यापीठाच्या आवारात फेरी मारावी, तर तरुण-वृद्ध, स्त्री-पुरुष घाम गाळीत चाललेले दिसतात, ते हेच वजन उतरविण्यासाठी. हे ओझे उतरविण्याच्या कोणकोणत्या वाटा माणसाने शोधल्या, आणि त्यांपैकी कोणती मुक्कामाला पोहोचते, याचा थोडासा इतिहास आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे. दोन-चार किलोंची ही गोष्ट नव्हे. वीस, तीस, चाळीस किलो उतरवू पाहणाऱ्यांची आहे.

आरंभ आपल्या घरच्याच ग्रंथापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारचे निंद्य देह सांगितले असून, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्ताराने केला आहे. अतिआहार, दिवसा झोपणे आणि व्यायामाचा अभाव ही कारणे चरकाने दिली आहेतच. परंतु त्यांच्याच जोडीला बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला देहधर्म, हेही एक कारण तो नोंदवितो. पुढे तो म्हणतो की, मेदाने मार्ग अडले म्हणजे वायू कोठ्यातच फिरून जठराग्नी पेटवितो, आणि म्हणून स्थूल माणसाला भूक अधिक लागते. हे वाक्य थांबून वाचण्यासारखे आहे. स्थूल माणूस हावरा म्हणून खातो असे चरक म्हणत नाही. त्याच्या देहातच भुकेचा वणवा पेटलेला असतो, असे म्हणतो. उपायही तसाच नेमका आहे: पचावयास जड, पण पोषणाला हलके असे अन्न द्यावे; जव, मूग, हुलगे, मध, त्रिफळा, गुळवेल यांचा उपयोग करावा; आणि व्यायाम व जागरण हळूहळू, क्रमाक्रमाने वाढवावे. तथापि या दोन रोग्यांत कृश माणूसच बरा, असाही निर्वाळा तो देतो. कारण स्थूलाची चिकित्सा अवघड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने आपल्या शास्त्राची ही मर्यादा उघडपणे सांगावी, हे त्याच्या थोरपणाला शोभणारे आहे.

आता एकदम लंडनला जाऊ. कारण आजच्या आहारपंथांचा मूळपुरुष तेथे भेटतो. विल्यम बँटिंग हा प्रेतयात्रांची व्यवस्था करणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. उंची पाच फूट पाच इंच आणि १८६२ च्या ऑगस्टात वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाचे बंद त्याला बांधता येत नसत. जिना तो पाठमोरा उतरे. वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने नाव वल्हविली, तर भूकच दुप्पट झाली. घोड्यावर बसला, झऱ्यांचे पाणी प्याला, वाफेची स्नाने घेतली; वजन हलेना. शेवटी ऐकू कमी येते म्हणून तो हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला, आणि त्याने रोटी, साखर, दूध, बटाटे व बिअर बंद करविली. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो वजन उतरले. १८६३ साली बँटिंगने आपला अनुभव पुस्तिकारूपाने छापला, आणि प्रथम तर तो फुकट वाटला. त्याच्या नावाचे इंग्रजीत क्रियापदच झाले. स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

बँटिंगची वाट संयमाची होती. विसाव्या शतकाला मात्र घाई होती. १९३३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे डायनायट्रोफेनॉल नावाच्या रसायनाने चरबी जळते असे दिसून आले. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी वापरलेले हे द्रव्य हजारो लोकांनी गोळ्यांच्या रूपाने पोटात घेतले. वजन उतरले खरे. पण कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले, काही प्राणाला मुकले, आणि १९३८ पर्यंत ते औषध अमेरिकेच्या बाजारातून हद्दपार झाले. झटपट उपायाच्या मोहाचे याहून कडू उदाहरण शोधावयास नको.

श्रोतेहो, आमच्या मराठवाड्याच्या दृष्टीने या इतिहासातील अत्यंत अर्थपूर्ण साल १९७२ हे होय. त्या सालचा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला आहे. बायाबापड्या खडी फोडीत होत्या, पाझर तलावांवर माती वाहत होत्या. आम्हा मुलांच्या ओंजळीत सुकडी पडे आणि घरी परदेशी मिलोची तांबूस भाकरी. योगायोग असा की, त्याच १९७२ साली ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंचीच्या मानाने वजन मोजण्याच्या एका जुन्या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. जगाचे एक टोक लठ्ठपणाचे माप ठरवीत होते, आणि दुसरे टोक सुकडीसाठी रांगेत उभे होते. आज त्याच रांगेतील मुले आजोबा होऊन डॉक्टरांकडे मधुमेहाच्या गोळ्या मागत आहेत.

या दोन टोकांचा संबंध पुण्यात उलगडला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालविला. त्यांना असे आढळले की, आपली बाळे वजनाने हलकी असली, तरी त्यांच्या अंगात मांस कमी आणि चरबी मात्र टिकून राहिलेली असते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले स्वतःचे आणि इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणूनच आपल्याकडील डॉक्टर पश्चिमेच्या ३० ऐवजी २५ या अंकापासूनच लठ्ठपणा मोजू लागले. उपासमारीत वाढलेल्या पिढ्यांचे देह असे काटकसरी घडतात, आणि सुबत्ता आली की तीच काटकसर अंगाशी येते. चरकाच्या बीजस्वभावाला मिळालेले हे नवे भाष्यच म्हणावयाचे.

महाराष्ट्रात आहाराचा वाद खरा गाजला तो २०१८ साली. नागपूरचे बहुश्रुत विद्वान डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानातून स्फूर्ती घेऊन लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रथम स्वतःवर प्रयोग केला, आणि मग गावोगाव सांगितले: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, आणि रोज ४५ मिनिटे चाला. दर खाण्यागणिक इन्सुलिन स्रवते, ते जितके कमी वेळा स्रवेल तितके बरे, असा त्यांचा युक्तिवाद. उलट मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांचे म्हणणे असे की, थोडे थोडे, दर दोन तासांनी खा. आपल्या मातीतले धान्य खा. तुपाला आणि भाताला भिऊ नका. घराघरांत तट पडले. सासू दोन वेळांची, तर सून दोन तासांची, असाही संसार आम्ही पाहिला!

मौज अशी की, त्याच २०१८ साली स्टॅनफर्डचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६०९ माणसांपैकी निम्म्यांना कमी स्निग्धाचा आणि निम्म्यांना कमी पिष्टाचा आहार वर्षभर दिला. सरासरी वजन उतरले एकीकडे ५.३ किलो आणि दुसरीकडे ६ किलो. म्हणजे भेद नाहीच म्हणावयाचा. परंतु प्रत्येक गटात कोणी तीस किलोंपर्यंत उतरविले, तर कोणाचे दहा किलोंपर्यंत वाढले! पंथापंथांत अंतर थोडे, माणसामाणसांत मात्र फार, हा त्याचा इत्यर्थ.

ज्यांचे वजन अतोनात वाढले आहे, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची वाट आहे. १९६६ साली एडवर्ड मेसन यांनी अमेरिकेत जठराला वळसा घालणाऱ्या शस्त्रक्रियेचा पाया घातला; आज ती महाराष्ट्रातही होते. अलीकडची वाट इंजेक्शनांची. तिर्झेपटाइड आपल्या देशात मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये विक्रीस आले. सेमाग्लुटाइडच्या प्रयोगात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. पण औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला.

येथेच या इतिहासाची खरी गाठ आहे. उतरलेले वजन परत का येते? अमेरिकेत वजन उतरविण्याची एक दूरदर्शन-स्पर्धा गाजली होती. तीतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केली असता, १३ जणांचे वजन पुन्हा वाढले होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. शिवाय त्यांचे देह विश्रांतीतही अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळीत होते. देह जणू दुष्काळ पडला असे समजून कोठाराला कुलूप लावून बसतो. हा आळस नव्हे. जगण्याची जुनी शिकवण आहे.

तरी निराश होण्याचे कारण नाही. रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ साली अमेरिकेत एक नोंदवही उघडली. किमान ३० पौंड वजन उतरवून ते वर्षभर टिकविलेल्यांनीच तीत नाव घालावयाचे. हे आपण होऊन पुढे आलेले यशस्वी लोक, ही गोष्ट ध्यानात ठेवूनही त्यांची साक्ष मोलाची आहे. वजन उतरविण्याच्या त्यांच्या वाटा निरनिराळ्या होत्या. निम्मे तर कोणाच्याही मदतीवाचून उतरले. परंतु टिकविण्याच्या सवयी पाहाव्या, तर त्या विलक्षण सारख्या: रोज सुमारे तासभर चालणे, आठवड्यातून एकदा तरी वजन पाहणे, आणि सणवार असो वा कामाचा दिवस असो, आहाराची घडी न मोडणे. आपल्या जुन्या भाषेत याला नित्यनेम म्हणतात. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो अशाच नित्यनेमाचा प्रसार होता.

शेवटी एक कबुली देतो. शिक्षकी पेशात असताना माझ्या वर्गात एक स्थूल मुलगा होता. त्याचे भले व्हावे म्हणून मी त्याला सर्वांदेखत मैदानाच्या फेऱ्या मारावयास लावीत असे, आणि मुले हसली तर त्यांना आवरीत नसे. पुढे तो कवायतीच्या तासाला येईनासा झाला. गेल्या हिवाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी त्यानेच मला ओळखले. शस्त्रक्रियेने त्याचे चाळीस किलो वजन उतरले होते. त्यांतले आठ परत आले होते. ते आणखी वाढू नये म्हणून तो रोज चालावयास येत होता. मी जुनी आठवण काढली, तेव्हा तो हसून म्हणाला, “गुरुजी, त्या फेऱ्यांनी वजन नाही उतरलं, मैदान तेवढं सुटलं. ते परत धरायला पंचवीस वर्षं लागली.”

मी काय उत्तर देणार? चरक मी त्यापूर्वी वाचला असता, तर त्या मुलाची भूक मला कळली असती. श्रोतेहो, आपल्या घरी कोणी हे ओझे उतरवू पाहत असेल, तर त्याची वाट त्याला वैद्याच्या सल्ल्याने निवडू द्या. दोन वेळा की दर दोन तासांनी, औषध की शस्त्रक्रिया, या वादात त्याला ओढू नका. त्याला हसू मात्र नका. आणि जमल्यास पहाटे त्याच्या सोबतीला चार पावले चाला. आम्ही दोघे आता आठवड्यातून तीन दिवस बरोबर चालतो. त्याची चाल माझ्याहून वेगाची आहे, पण चढावर तो माझ्यासाठी थांबतो.