द्वेषोक्ती आणि कायद्याला अभिप्रेत वाचक

द्वेषमूलक अभिव्यक्तीचे नियंत्रण हा शासनव्यवहाराचा प्रश्न मानला जातो. परंतु त्याच्या मुळाशी वाचनाचाही एक प्रश्न आहे. संहितेतून द्वेष जागा होतो, तो नेमका कोणाच्या मनात? कायद्याला अभिप्रेत असलेला हा वाचक वेळोवेळी बदलत आला आहे.

१८९७ च्या टिळक खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय ज्यूरींनी टिळकांना दोषी ठरवले. तिघा हिंदी ज्यूरींना 'केसरी'तील तोच मजकूर निर्दोष वाटला. एक संहिता, दोन वाचकवर्ग! पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम विस्तारले आणि प्रजेच्या वर्गावर्गांत वैर पसरविण्यासंबंधीचे १५३-अ हे कलम दंडसंहितेत आले. भारतीय न्याय संहितेत त्याचा वारसा आज १९६ वे कलम चालवते.

या संशयी वाचकाला पर्याय दिला तो नागपूर उच्च न्यायालयाच्या व्हिव्हियन बोस यांनी. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर माणसाच्या मापाने जोखावा, जिथेतिथे धोका हुंगणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे, असा निकष त्यांनी मांडला. हा निकाल १९४७ च्या निर्णयसंग्रहात आहे. १९८८ मध्ये 'तमस' मालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तोच निकष स्वीकारला. आस्वादशास्त्रातल्या सहृदयाचा हा न्यायालयीन चुलतभाऊच म्हणायचा. मात्र ज्याच्याविरुद्ध द्वेष ओकला जातो, त्या माणसाला या मापात जागा नाही, ही त्याची गंभीर मर्यादा होय.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६-अ कलमाने तर वाचकाची संकल्पनाच मोडीत काढली. तेथे कोणाला तरी त्रास होणे पुरेसे होते. मजकूर एकाकडे गेला की हजारोंकडे, हा भेदही नव्हता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या तरुणीबरोबर त्या मजकुराला पसंती देणाऱ्या मैत्रिणीलाही अटक झाली. म्हणजे वाचणे हाच अपराध ठरला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले, आणि चर्चा व पुरस्कार यांच्यापासून चिथावणी वेगळी काढली.

२०२१ च्या नियमांनी वाचनाची जबाबदारी आणखी दूर सरकवली. न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना आल्यावर मजकूर हटविण्यासाठी कंपनीला ३६ तासांची मुदत ठेवण्यात आली. या वाचकाचे हिशेब निराळे आहेत: मजकूर ठेवला तर कायद्याचे संरक्षण जाण्याची भीती, काढला तर लेखकाखेरीज कोणाचीच तक्रार नाही.