पाच सेंटांचे पुडके



अमेरिकेतील पोरे बेसबॉलपटूंचे चित्रपत्ते जमवीत, त्याच्याशी कामगार चळवळीतल्या माणसाचा काय संबंध, असे विषयपत्रिका वाचून काहींच्या मनात आले असेल. मी या विषयाकडे हौसेच्या वाटेने आलो नाही, संघटनेच्या वाटेने आलो. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून. मार्व्हिन मिलर या अमेरिकन संघटकाविषयी वाचताना आढळले, की ज्या संघटनेने बेसबॉल संघांच्या मालकांना जेरीस आणले, तिच्या तिजोरीत साठलेल्या पैशाचा मोठा वाटा च्युइंगगमबरोबर विकल्या जाणाऱ्या या चित्रांतून आला होता. मग त्या चित्रांचाच मागोवा घेत गेलो.

त्यांचा जन्म मात्र गमच्या नव्हे, तंबाखूच्या पोटी झाला. १८८० नंतरच्या काळात सिगारेटचे पाकीट मऊ कागदाचे असे. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालीत. तुकडा घालायचाच, तर त्यावर चित्र का छापू नये? नटी, मुष्टियोद्धे, बेसबॉलपटू अशी चित्रे निघाली आणि गिऱ्हाईक मालिका पुरी करण्यासाठी त्याच छापाकडे परत येऊ लागले. १८९० मध्ये जेम्स ड्यूक यांनी पाच बडे कारखाने एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. चढाओढ संपली, तशी चित्रेही जवळजवळ बंद झाली. गिऱ्हाइकाला जायला दुसरे दुकानच उरले नाही, तर त्याला चित्राचे आमिष कशाला? मक्तेदारी म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षे अभ्यासवर्गांत सांगत आलो आहे. इतके सुटसुटीत उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

पुढे १९०९ ते १९११ या काळात चित्रे पुन्हा निघाली. त्या मालिकेत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर यांचा पत्ता होता. त्यांनी आपले चित्र छापण्यास हरकत घेतली व छपाई थांबली. सिगारेटीसाठी मुले आपल्या नावाने भुलू नयेत म्हणून, असे काही म्हणतात. मोबदला मिळाला नाही म्हणून, असे दुसरे म्हणतात. वॅग्नर स्वतः तंबाखू चघळीत, तेव्हा पहिल्या पक्षाची बाजू थोडी लंगडी पडते. मला दुसरे कारण खरे निघाले तरी त्यात कमीपणा वाटत नाही. तोंड ज्याचे, त्याला त्याचे दाम मागण्याचा हक्क आहे. आज तो पत्ता पन्नास-साठच्या घरात शिल्लक आहे आणि त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली.

तंबाखूनंतर गमवाले आले. १९३३ मध्ये गाउडी, युद्धानंतर बोमन आणि मग ब्रुकलिनची टॉप्स कंपनी. १९५२ मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी ४०७ पत्त्यांची मालिका काढली. पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, सही, मागे त्याच्या खेळाचे आकडे. पुडके पाच सेंटांचे. पोरे गम चघळीत, पत्ते भिंतीशी फेकून डाव मांडीत, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफटीचा आवाज काढीत. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की पत्त्यावरचे नाव पेनाने खोडून नवे लिहीत. आपल्याकडेही माझ्या पिढीची पोरे सिगारेटची पाकिटे जमवीत आणि बबलगमच्या कागदावरच्या धावा-बळी मोजीत. त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या १९५२ च्या मालिकेचा शेवटचा भाग हंगाम सरत आल्यावर बाजारात आला आणि पडून राहिला. गोदामात जागा हवी म्हणून १९६० मध्ये बर्गर यांनी शेकडो खोकी एका तराफ्यावर चढवून अटलांटिक समुद्रात बुडवली. त्यांत मिकी मँटलचे पत्ते होते. त्याच मँटलचा एक पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना गेला. समुद्रात बुडवले म्हणून उरलेल्यांची किंमत चढली, हे खरे. पण समुद्राहून अधिक पत्ते घराघरांतल्या आयांनी बुडवले. मुलगा कॉलेजात वा लष्करात गेला, की बुटांच्या खोक्यातला तो कचरा आई बाहेर टाकी. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांतही ढीगभर पत्ते गेले. ‘माझ्या आईने फेकले नसते तर’ हे वाक्य त्या देशात एका पिढीचे पालुपद होऊन बसले. बिचाऱ्या आया! त्यांनी फेकले म्हणूनच तर उरलेल्यांना भाव आला. पण हे त्यांच्या पदरात कोणी टाकले नाही.

या सगळ्या गर्दीत एक माणूस मला फार जवळचा वाटतो. जेफरसन बर्डिक. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने हातपाय आखडलेला एकटा माणूस. त्याने देशातल्या यच्चयावत छापील पत्त्यांची वर्गवारी केली आणि १९३९ मध्ये त्यांची सूची छापली. वॅग्नरच्या मालिकेला आज जगभर ‘टी-२०६’ म्हणतात ते त्याच्या क्रमांकावरून. पुढे तीन लाखांहून अधिक नग त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले, आणि वाकड्या बोटांनी ते स्वतः वह्यांत चिकटवीत वर्षानुवर्षे तेथे बसला. काम जानेवारी १९६३ मध्ये संपले. मार्चमध्ये तो वारला. विद्यापीठाने त्याला विद्वान म्हटले नाही, पण विद्वत्ता याहून वेगळी काय असते?

आता मिलरकडे येतो. पोलादकामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेला हा ब्रुकलिनचाच माणूस १९६६ मध्ये बेसबॉलपटूंच्या संघटनेचा कार्यकारी संचालक झाला. तेव्हा खेळाडूचे किमान वेतन वर्षाला ६००० डॉलर होते. टॉप्स नवशिक्या खेळाडूला पाच डॉलर देऊन त्याची सही घेई आणि तो वरच्या वर्गात पोचला की वर्षाला १२५ डॉलर देई. पत्ते कितीही खपोत, रक्कम तीच. मिलर टॉप्सच्या जोएल शोरिन यांच्याकडे गेले. करार बदलण्याचे काही कारण त्यांना दिसेना. संघटनेचे बळ कोठे आहे, अशा अर्थाचे ते बोलले. मिलरनी भाषण केले नाही. त्यांनी खेळाडूंना एवढेच सांगितले, की कराराचे नूतनीकरण करू नका आणि फोटोला उभे राहू नका.

श्रोतेहो, या संपाचे सौंदर्य पाहा. एक दिवसाचा पगार बुडाला नाही, दाराशी पोलीस आले नाहीत, चूल कोणाची विझली नाही. छायाचित्रकार कॅमेरा घेऊन येई आणि खेळाडू पाठ फिरवी. १९६८ मध्ये टॉप्स नमली. रक्कम दुप्पट होऊन २५० डॉलर झाली. शिवाय विक्रीच्या चाळीस लाख डॉलरपर्यंत ८ टक्के आणि त्यावर १० टक्के हिस्सा संघटनेला मिळू लागला. कामगाराला त्याच्या घामाचा वाटा देतानाही मालक खळखळ करतो. येथे चेहऱ्याचा वाटा मिळाला.

पण वाट्याला दुसरी बाजू असते, आणि ती आपल्या लोकांनी ऐकावी. हिस्सा विक्रीवर ठरला, की जास्त विक्री हेच संघटनेचेही हित होते. फ्लीअर कंपनीने टॉप्सबरोबर खेळाडूंच्या संघटनेलाही मक्तेदारीच्या आरोपाखाली कोर्टात खेचले. १९८० मध्ये निकाल फ्लीअरच्या बाजूने लागला. अपिलात तो फिरला, पण तोवर १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या होत्या. १९८८ मध्ये स्कोअर, १९८९ मध्ये चकचकीत कागदाची अपर डेक. संघटना परवाने देत गेली.

याच सुमारास १९५२ ची पोरे बाप झाली होती. हातात पैसा, मनात ते हरवलेले खोके. जेम्स बेकेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये भावांचे पुस्तक आणि १९८४ मध्ये मासिक काढले, आणि प्रत्येक पत्त्याला छापील किंमत चिकटली. त्या दिवसापासून पोराचा खेळ संपला असे मी मानतो. पत्ता सायकलच्या आऱ्यांतून निघून प्लॅस्टिकच्या पाकिटात गेला. बाप मुलासाठी अख्खी खोकी न फोडता घेऊन ठेवू लागले. कॉलेजची फी यातून निघेल, असा हिशोब मांडू लागले. या बापांना हसू नये. पगारावर जगणाऱ्या माणसाला मुलाच्या हाती देण्यासारखे काही साठवावेसे वाटते, आणि जे त्याने स्वतः गमावले तेच त्याला मौल्यवान वाटते.

हिशोब मात्र उफराटा होता. जुने पत्ते महाग होते, कारण ते कोणी जपले नव्हते. नवे सगळेच जपत होते, आणि कारखाने रात्रंदिवस छापीत होते. किती, ते कंपन्या सांगत नसत. १९९१ च्या सुमारास उलाढाल अब्ज डॉलरच्या पुढे गेली, आणि तेथूनच उतार लागला. १९९२ च्या पुडक्यांतून टॉप्सने गमसुद्धा काढून टाकला. त्याने पत्त्यांना डाग पडत.

उतार लागलेला असतानाच १२ ऑगस्ट १९९४ रोजी खेळाडू संपावर गेले. वेतनाला कमाल मर्यादा घालण्याचा मालकांचा डाव होता. वर्ल्ड सिरीज रद्द झाली. १९०४ नंतर प्रथमच. संप २३२ दिवस चालला आणि त्यात तग धरायला खेळाडूंनी वापरला तो साठवलेला परवान्यांचा पैसा, म्हणजे बराचसा या पत्त्यांचाच. मर्यादा आली नाही. रुसलेला प्रेक्षक मात्र दुकानाकडेही फिरकेना. संपाने बाजार बुडाला, असे दुकानदार आजही सांगतात. तो आधीच पोखरला होता. संपाने फक्त दार ढकलले. पिनॅकल १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली, फ्लीअर २००५ मध्ये बंद पडली, आणि २०२२ च्या आरंभी टॉप्सही फॅनॅटिक्स कंपनीने विकत घेतली. २०२० च्या महासाथीत घरी बसलेल्या लोकांनी पुन्हा तेजी आणली. ती दुर्मीळ पत्त्यांना लाभली, तळघरांतल्या त्या खोक्यांना फारशी नाही.

ती १९८८ ते १९९२ ची न फोडलेली खोकी आता मुले आईबापांची घरे रिकामी करताना बाहेर काढतात. दुकानदार वर पाहतही नाही. जुन्या पत्त्यांच्या बाजारात मात्र आणखी एक रीत आहे. १९६० च्या दशकातील पुडक्यांत मालिकेची यादी छापलेला एक पत्ता येई. मिळालेल्या प्रत्येक खेळाडूपुढच्या चौकोनात पोराने पेन्सिलीने खूण करायची. यादी कोरी असेल तर भाव चांगला मिळतो. पोराने खुणा केल्या असतील, तर निम्माही मिळत नाही.