बेसीचा केक आणि आईचं भांडं

मागच्या वर्षी कॉम्बिनेशन ओव्हन घेतला. मायक्रोवेव्ह, कन्व्हेक्शन आणि दोन्ही एकत्र, अशी तीन बटणं. आईनं कौतुकानं तिचं अ‍ॅल्युमिनियमचं केकचं भांडं आणून दिलं. माझ्या लहानपणी ती कुकरच्या तळाशी वाळू पसरून, झाकणाची शिटी आणि रिंग काढून, ह्याच भांड्यात केक करायची. सोबतची पुस्तिका मात्र बजावत होती : धातूचं भांडं फक्त कन्व्हेक्शनला, मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बिनेशनला नाही.

म्हणून एक स्वस्तातलं काचेचं भांडं आणलं. तिसऱ्याच केकला ते ओव्हनमधून काढून ग्रॅनाइटच्या ओल्या ओट्यावर ठेवलं आणि फटाक्यासारखा आवाज झाला. शेजारी उभ्या आईच्या पावलाला एक तुकडा लागला. जखम किरकोळ होती, चूक माझी होती. पण अभियांत्रिकीची पदवी असून हे कसं कळलं नाही, ह्याची लाज वाटली, आणि मी काचेच्या मागे लागलो.

गरम काच ओली झाली की फुटते, ही अडचण रेल्वेनं शंभर वर्षांपूर्वीच भोगली होती. सिग्नलच्या कंदिलाची तापलेली काच पावसानं किंवा बर्फानं तडकायची. जर्मनीत येना इथे ओटो शॉटनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉनचं ऑक्साइड मिसळून उष्णतेनं कमी प्रसरण पावणारी काच केली होती. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनंही कंदिलांसाठी आणि बॅटरीच्या बरण्यांसाठी तशी काच बनवली.

१९१३ साली त्याच कंपनीतला भौतिकशास्त्रज्ञ जेसी लिटलटन ह्याच्या घरी एक भाजायचं मातीचं भांडं तडकलं. त्याची बायको बेसी वैतागून म्हणाली, तुमच्या कारखान्यातलं काहीतरी आणा की! त्यानं बॅटरीच्या बरण्यांचे कापलेले तळ आणले. बेसीनं त्यात स्पंज केक केला. तो सगळीकडून सारखा भाजला गेला, भांड्याला चिकटला नाही, आणि बाहेरून दिसत होता. जेसीनं केक कारखान्यात नेला, सहकाऱ्यांनी खाल्ला. मग काचेतलं शिसं काढून टाकलं गेलं आणि १९१५ साली पायरेक्सची भांडी बाजारात आली. १९१९मध्ये ह्या काचेचं पेटंट मिळालं ते सलिव्हन आणि टेलर ह्या शास्त्रज्ञांना. बेसीच्या वाट्याला आली ती गोष्ट.

तेव्हा मायक्रोवेव्ह कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तो युद्धातून आला. फेब्रुवारी १९४०मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट ह्यांनी रडारसाठी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला. त्याच वर्षी ब्रिटिशांनी तो अमेरिकेला दिला. रेथिऑन कंपनीत त्यावर काम करताना पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, ही कथा प्रसिद्धच आहे. १९४७चा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता. ओट्यावर मावणारा, ४९५ डॉलरचा ओव्हन यायला १९६७ उजाडलं.

आता माझी पेटी समजली. तिच्यात दोन वेगळ्या घराण्यांची यंत्रं एकत्र नांदतात. गरम हवेला उष्णता झटकन आत पोचवणारं भांडं हवं. त्यात अ‍ॅल्युमिनियम उत्तम. मायक्रोवेव्हला, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना, आरपार जाऊ देणारं भांडं हवं. अ‍ॅल्युमिनियम त्यांना परतवून लावतं. दोन्ही एकत्र चालू असताना दोघींना चालणारा पदार्थ म्हणजे काच किंवा चिनीमाती, सोनेरी कडा नसलेली. बेसीला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी तिचा तोडगा पन्नास वर्षांनंतरच्या यंत्रालाही लागू पडला.

पण काच म्हणजे कुठलीही काच नव्हे. बोरोसिलिकेट काच एका अंशाला दशलक्षात ३.३ भाग प्रसरण पावते, साधी सोडालाइम काच सुमारे ९ भाग. साध्या काचेला टेम्परिंग करून ओव्हनयोग्य बनवतात. ती पडली-आपटली तर जास्त टिकते, पण तापमानाच्या अचानक धक्क्याला बोरोसिलिकेटइतकी दाद देत नाही, आणि फुटली की तिचे बारीक तुकडे होतात. आमच्या फरशीवर तसेच तुकडे होते. म्हणून आता खरेदी करताना ‘ओव्हनसेफ’वर न थांबता ‘बोरोसिलिकेट’ शब्द शोधतो, भांडं फिरत्या तबकडीवर भिंतीला न घासता फिरेल का ते मापतो, आणि गरम काच कोरड्या, घडी घातलेल्या फडक्यावरच ठेवतो.

आईचं भांडं कन्व्हेक्शनसाठी आहेच. परवा त्यात केक होत असताना तिला बेसीची गोष्ट सांगितली. तिनं एवढंच विचारलं, “केक कोणी खाल्ला म्हणालास?”

“नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी.”

“वाटलंच,” आई म्हणाली, आणि सुरी घालून केक झालाय का ते बघायला उठली.