स्वप्नात येणारा घोडेस्वार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या आम्हा मराठी मुलांना महादजी शिंदे माहीत होते ते दिल्ली जिंकणारे म्हणून. माझे आजोबा मात्र त्यांची गोष्ट पानिपतच्या पळापळीपासून सुरू करत आणि म्हणत, "राणेखान नसता तर हे लष्करही वसलं नसतं, बाळांनो." महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांनी 1810 मध्ये इथे तळ टाकला, त्याच्या पन्नास वर्षं आधीची ही हकिगत आहे.

शिंद्यांच्या घरावर तेव्हा घावामागून घाव पडत होते. 1755 मध्ये नागोरला महादजींचे भाऊ जयाप्पा यांचा दगाफटक्याने खून झाला. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दुसरे भाऊ दत्ताजी पडले. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सगळंच संपलं. पुतणे जनकोजी शत्रूच्या हाती सापडले आणि मारले गेले. महादजी आपल्या चपळ दख्खनी घोडीवर दक्षिणेकडे निघाले. एका थोराड घोड्यावरचा अफगाण स्वार त्यांच्या मागे लागला. घोडीला दम खाऊ द्यायला ते थांबले की तो पुन्हा दिसायचा. अखेर खंदक ओलांडताना घोडी कोसळली. अफगाणाने कुऱ्हाडीचा घाव गुडघ्यावर घातला, अंगावरचे दागिने काढले आणि घोडी घेऊन तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिश्त्याने जखमी महादजींना पाहिलं, आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेत सुखरूप आणलं. पाय मात्र कायमचा अधू झाला.

ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने 1823 च्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात ही हकिगत दिली आहे. त्यातला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्या पाठलागानंतर कित्येक दिवस महादजींचा डोळा लागला की तो स्वार आणि त्याचा अवजड घोडा घोडीच्या मागे येताना दिसे. आणि ही गोष्ट ते स्वतःच लोकांना सांगत. एवढ्या मोठ्या सरदाराने आपलं भय लपवलं नाही.

हरून खचलेल्या वीराची अशीच एक कथा, 'एगर आणि ग्राइम', मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये गायली जाई. 1497 मध्ये राजा चौथ्या जेम्सपुढे दोन वादकांनी ती गायल्याची नोंद आहे. त्यातला एगर ग्रेस्टील नावाच्या योद्ध्याकडून हरतो, करंगळी गमावतो आणि खचून परततो. पुढची लढाई त्याचा मित्र ग्राइम लढतो. हरलेल्या वीराला उभं करणारा सोबती कथेत हवाच, हे त्या गवयांना कळलं होतं.

आपल्याकडे असा सोबती खरोखर होऊन गेला. महादजींनी राणेखानाला भाऊ मानलं आणि फौजेत मोठ्या पदाला चढवलं. घरातले वाद निस्तरून 1768 मध्ये महादजींना सरदारी मिळाली. 1772 मध्ये मुघल बादशाह शाहआलम त्यांच्या पाठबळावर दिल्लीत परतला. 1783 मध्ये आमचा ग्वाल्हेरचा किल्ला त्यांनी गोहदच्या राण्याकडून परत घेतला. 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्लीवर चालून गेलेल्या फौजेचा सेनापती राणेखान होता. गुलाम कादिर मेरठहून पळताना पकडला गेला आणि 1789 मध्ये त्याला देहदंड झाला. पखाल वाहणाऱ्या माणसाने बादशाहाच्या डोळ्यांचा सूड घेतला.

12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. त्यांचं कर्तृत्व त्यांच्या विजयांतून दिसतं, पण त्यांचं मोठेपण मला या दोन गोष्टींत दिसतं: त्यांनी भय कबूल केलं आणि उपकार विसरले नाहीत. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पानिपतची गोष्ट सांगाल, तेव्हा ती कुऱ्हाडीच्या घावापाशी थांबवू नका. राणेखानाचं नाव मुलांना आवर्जून सांगा.